मातीला येणारे माणूस : किल्लारी, मराठवाड्याची शोकाची रीत आणि नृत्योपचार

मराठीत ‘नृत्योपचार’ हा शब्द अजून रुळलेला नाही. कुणी ‘नृत्यचिकित्सा’ म्हणतात, कुणी ‘हालचालींद्वारे मानसोपचार’ अशी लांबण लावतात आणि बहुतेक जण ‘डान्स थेरपी’ म्हणून मोकळे होतात. एखादा शब्द रुळत नाही त्यामागे विद्येचे नवेपण हे एकच कारण नसते. कधी हाताशी असलेल्या शब्दालाच इतिहास चिकटलेला असतो आणि तो शब्द नव्या कामासाठी उचलताना हात अडखळतो. ‘नाच’ हा असा शब्द आहे. लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने घरी सांगितले की मला शोकग्रस्त माणसांसाठी नृत्योपचारक व्हायचे आहे, तर पहिला प्रश्न पगाराचा येणार नाही. “मयताच्या घरी नाच?” असा येईल.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यात एक गैरसमज आहे आणि एक सत्यही आहे. गैरसमज असा की मयताच्या घरी शरीर स्वस्थ असते. आपल्याकडे ते कधीच स्वस्थ नव्हते. सत्य असे की मयताच्या घरी कोणी, केव्हा, कसे हलायचे याचे नियम होते आणि ते नियम न जाणता तेथे पाऊल ठेवणारा माणूस परका ठरतो. प्रस्तुत लेखात या नियमांचा आणि ते मोडून पडल्याचा थोडा इतिहास पाहायचा आहे. त्याच्या मध्यभागी अर्थातच १९९३ साल आहे.

आधी या विद्येविषयी थोडक्यात. आधुनिक अर्थाने ती अमेरिकेत घडली. डेनिशॉन या प्रसिद्ध नृत्यसंस्थेत तयार झालेली मेरियन चेस ही नर्तिका १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम करू लागली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, बोलणे तुटलेले सैनिक तेथे होते. चेसने त्यांना नृत्य शिकवले नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. तिने त्यांना वर्तुळात घेतले. ज्याची जी हालचाल असेल, बोटांचा चाळा असो की पायाची थरथर, ती तिने आपल्या अंगावर घेतली आणि त्याला परत दाखवली. आपण एकटे नाही, कोणीतरी आपल्यासारखेच हलते आहे, एवढे त्या माणसाच्या शरीराला कळले की मग ती हालचाल हळूहळू बदलायची, मोठी करायची, सावकाश करायची. आधी मिळवून घेणे आणि मग हलकेच वळवणे, हा चेसच्या पद्धतीचा गाभा आहे. १९६६ साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिची पहिली अध्यक्ष झाली. भारतात त्रिपुरा कश्यप यांनी अमेरिकेत शिक्षण घेऊन १९९० च्या सुमारास हे काम सुरू केले. त्यांचे ‘माय बॉडी, माय विज्डम’ हे पुस्तक २००५ साली आले. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था काढून देहव्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर काम केले आणि पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही घडवला. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात नृत्योपचारकाला नावानिशी जागा मिळाली. म्हणजे कागदोपत्री हा आता व्यवसाय आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र हे सारे ऐकताना नाट्यशास्त्र आठवल्यावाचून राहत नाही. भरताने पहिल्याच अध्यायात नाट्य कोणाकोणाला विश्रांती देईल हे सांगताना दुःखार्त आणि श्रमार्त यांच्या जोडीला ‘शोकार्त’ असा स्वतंत्र उल्लेख केला आहे. पुढे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ही यादी वर्गात आपण पाठांतरासाठी देतो, पण एकदा ती मयताच्या घराची यादी म्हणून वाचून पाहावी. थिजणे, घाम येणे, आवाज फुटणे, कापणे, रंग उतरणे, शुद्ध हरपणे. रोमांच सोडला तर प्रत्येक गोष्ट आपण कोणत्या ना कोणत्या अंगणात पाहिलेली असते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे नाट्यशास्त्राचे जाणते अभ्यासक. त्यांच्या गावात राहून नाट्यशास्त्र केवळ प्रश्नपत्रिकेपुरते वाचावे, ही आमच्या पिढीने करून घेतलेली गैरसोय आहे.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. शोक हा स्थायी भाव आहे, करुण हा रस आहे. ज्या बाईचा मुलगा गेला तिला शोक होतो. करुण रसाचा अनुभव तिला नसतो, तो तिची कथा रंगमंचावर पाहणाऱ्या रसिकाला असतो. शोकात जागा बदलता येत नाही आणि रसात ती बदललेलीच असते. नृत्योपचार हा शोकाच्या बाजूचा व्यवहार आहे, रसाच्या बाजूचा नाही. त्यात प्रेक्षक नसतात. स्नेहसंमेलनात ‘भूकंपग्रस्तांचे दुःख’ दाखवणारे समूहनृत्य बसवणे आणि भूकंपग्रस्त बाईबरोबर बसून तिच्या खांद्यातला ताठपणा ओळखणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. नर्तिका असणे ही या व्यवसायाची अडचणही ठरू शकते, असे म्हटले जाते ते याच कारणाने. अंगाला दिसण्याची सवय झालेली असते.

आता आपल्याकडच्या रीतीकडे वळू. मराठवाड्यात आपण अंत्ययात्रेला जातो असे म्हणत नाही, ‘मातीला जातो’ असे म्हणतो. बातमी आली की माणसे हातातले काम टाकून निघतात. गावाची वेस लागेपर्यंत बायका साध्या बोलत असतात, जीपमधल्या गर्दीची, पावसाची, लेकरांच्या शाळेची बोलणी चालू असतात. वेशीपाशी आवाज बदलतो. घर दिसू लागताच पहिली बाई हेल काढते आणि घरातून त्याला उत्तर येते. मग गळ्यात गळा पडतो. डोके खांद्यावर, हात पाठीवर, आणि दोन्ही शरीरे एका लयीत पुढे-मागे डुलू लागतात. रडण्यात शब्द असतात. गेलेल्याचे नाव, नाते, त्याच्या सवयी, त्याने काय खाल्ले, शेवटचे काय म्हणाला. हे गाणे नव्हे आणि बोलणेही नव्हे. काही वेळाने एखादी वयस्कर बाई पुढे होते, पदराने तोंड पुसते, पाण्याचा तांब्या पुढे करते आणि म्हणते, “आवर आता बाई, लेकरांकडं बघ.” हेल खाली येतो. तेवढ्यात दुसऱ्या गावची माणसे येतात आणि सारे पुन्हा चढते.

बाहेरून आलेल्या शहरी पाहुण्याला हे नाटकी वाटते. वेशीपर्यंत गप्पा मारणारी बाई एकाएकी कशी रडू शकते, असे तो विचारतो. पण तिचे काम काय आहे ते पाहावे. घरातली बाई दोन तासांपासून थिजून बसलेली असते. येणारी बाई तिच्या शोकाला स्वतःचे अंग देते, त्याला लय देते, चढवते आणि मग दुसरी कोणी तो उतरवते. चेसने सेंट एलिझाबेथ्समध्ये जे पद्धतशीरपणे केले त्याच्याशी याचे साम्य आहे. मात्र ‘आमच्याकडे हे आधीच होते’ हा सोपा अभिमान येथे उपयोगाचा नाही. या रीतीत सक्तीही होती. सासू मेल्यावर सून पुरेशी रडली नाही तर त्याची चर्चा वर्षभर चालते. पुरुषांना रडण्याची वाटच नव्हती. त्यांना कामे होती : तिरडी बांधणे, खांदा देणे, मडके फोडणे, तिसऱ्या दिवशी राख सावडणे. बाकी वेळ तोंडाला उपरणे लावून ओट्यावर बसायचे. आणि विधवेच्या बाबतीत तर रीत म्हणजे शिक्षाच होती. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या साऱ्या तिच्या शरीरावर इतरांनी केलेल्या कृती आहेत, तिने केलेल्या नव्हेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ठराव झाला म्हणून हात थांबले असे नाही.

शोकाला अंग देणारी आणखी एक जागा होती, ती जात्याची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत मराठवाड्यातल्या गावांतील बायकांचा वाटा मोठा आहे. या ओव्या आपण पाठ्यपुस्तकात ‘स्त्रीगीते’ म्हणून वाचतो तेव्हा एक गोष्ट निसटते. त्या बसून, खुंटा धरून, कमरेपासून वरचे सगळे अंग गोल फिरवत म्हटलेल्या आहेत. गेलेला भाऊ, गेलेली आई यांच्यावरची ओवी ही त्या फेऱ्याच्या लांबीची असते. श्वास, हात आणि ओळ एकत्र संपतात. दळण हे कष्टाचे काम होते आणि गिरणी आली तेव्हा बायकांना सुटल्यासारखे झाले, हे विसरून जात्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण गिरणीने पीठ दिले आणि ती पहाटेची एकान्त जागा काढून घेतली, हेही खरे आहे. नांदेडच्या तांड्यांवर बंजारा बायकांचा ‘ढावलो’ हा पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून म्हणायचा रडवा प्रकार आहे. तेथेही सूर आणि मिठी वेगळी काढता येत नाहीत.

मराठीच्या शिक्षकाला या संदर्भात नामदेवांकडे जावेच लागते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगावरचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यांत संतमंडळी तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत. ती कोसळतात, एकमेकांना धरतात, आणि ज्याने ज्ञानेश्वरांना मार्ग दाखवला तो निवृत्तिनाथच सर्वांत जास्त व्याकुळ होतो. गुरूचा धीर सुटणे हा त्या प्रकरणाचा मला सर्वांत मोठा साहित्यगुण वाटतो. आणि याच नामदेवांच्या नावावर कीर्तनात नाचण्याचा संकल्प करणारा, सर्वांना ठाऊक असलेला अभंग आहे. एकाच वाणीत कोसळणारे अंग आणि नाचणारे अंग दोन्ही आहेत. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळ-मृदंग चालतो तो यामुळेच. ‘नाच’ या शब्दाला मराठीत जर कोठे प्रतिष्ठा उरली असेल तर ती येथे आहे.

नांदेड जिल्ह्यातल्याच माहूरची कथाही शोकाचीच आहे. आई गेलेला परशुराम विलाप करतो. तुझी आई जमिनीतून पुन्हा प्रकटेल, पण मागे वळून पाहू नकोस, असे त्याला सांगितले जाते. तो न राहवून वळतो आणि तेवढ्यात जेवढे वर आले होते तेवढेच राहते. म्हणून माहूरला रेणुकेचे फक्त मुख आहे, धड नाही. गोंधळाचा उगमही याच माय-लेकांशी जोडला जातो. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचे आणि शिरांचे वाद्य केले व ते वाजवत तो आईपुढे आला, अशी कथा गोंधळी सांगतात. आज गोंधळ लग्नानंतर घालतात, मयतानंतर नव्हे. तरीही संबळाच्या मुळाशी अर्धीच परत मिळालेली आई आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या साऱ्या रीतींत एक गोष्ट गृहीत आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला तो आणि जो मातीला आला तो, अशी दोन माणसे असली पाहिजेत. सुतक एका घराला असते म्हणून दुसऱ्या घरून भाकरी येते. एक थिजतो म्हणून दुसरा हेल काढतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे नेमकी ही विभागणीच नाहीशी झाली.

२९ तारखेला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा धक्का बसला. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जाई, त्यामुळे जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद ही येथली सुबत्तेची खूण होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. लातूर जिल्ह्यातले औसा तालुक्यातले किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर आणि त्यांच्या भोवतीची गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत आकडा सुमारे ८ हजार मृतांचा आहे, इतर नोंदींत तो १० हजारांच्या जवळ जातो. पाऊस पडत होता. चिता सामुदायिक होत्या. या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे आणि त्याच्यात मृताला बसवून पुरण्याची रीत आहे, परंतु अशा घाईत कोणाची कोणती रीत हे पाहायला उसंत मिळणे कठीणच. ज्याला खांदा द्यायचा त्याला खांदा देणारा ढिगाऱ्याखाली होता.

आणि पंचांग पाहिले तर अंगावर काटा येतो. ती पहाट भाद्रपद पौर्णिमेची होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. जिवंतांनी आपल्या मृतांना जेवू घालण्याचे ते पंधरा दिवस त्या वर्षी मृतांची गणती करण्यात गेले. ज्या घरात एकही माणूस उरले नाही त्या घराचे सुतक कोणी धरायचे? आणि ज्या गावात प्रत्येक घर सुतकी आहे तेथे भाकरी कोणाच्या घरून यायची?

भाकरी आली, ती बाहेरून. लष्कर आले, डॉक्टर आले, देशभरातून स्वयंसेवक आले, विदेशी मदत आली. मातीला येणाऱ्या माणसाची जागा परक्यांनी भरून काढली आणि त्यांच्याविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना असण्याचे कारण नाही. परंतु त्यांना ढिगारा उपसता येत होता, जखम शिवता येत होती, रडता येत नव्हते. रडणे त्यांच्या कामाचा भाग नव्हता. शिवाय जगलेल्या बायकांना हेल काढायला समोर उत्तर देणारे कोणी नव्हते, कारण समोरची बाईही तशीच बसलेली होती. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या आणि १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आघातोत्तर ताण, नैराश्य यांसारखे विकार आढळले. पाहणीची भाषा विकारांची आहे आणि ती तशी असणे भाग होते.

पुनर्वसन मोठे होते आणि अनेक बाबतींत यशस्वीही. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकार जमीनधारणेवर ठरले : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते रुंद आणि सरळ झाले. जुन्या गावातले बोळ, एकमेकांना चिकटलेले वाडे, सामायिक ओटे गेले. भूकंपाची भीती ज्यांच्या अंगात मुरली होती त्यांना ही मोकळीक हवीच होती, हे विसरून चालणार नाही. माझा मुद्दा एवढाच की हेल ऐकू जाण्याचे अंतर वाढले. जुन्या गल्लीत एका घरातला आवाज दहा घरांना उठवत असे. नव्या गावात शेजारीण उठून, चपला घालून, रस्ता ओलांडून यावी लागते. स्थापत्याच्या चर्चेत ही गोष्ट क्वचितच येते.

त्या काळात शोकग्रस्तांसाठी काही झालेच नाही असे नाही. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. मुलांच्या आयुष्याचे त्यामुळे भले झाले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सिमेंट, सळई, अनुदानाचा हप्ता यांविषयी घरोघरी जाऊन बोलणे हे त्यांचे काम होते. मला राहून राहून वाटते की त्या बायका दुसरेही काही करत असणार. भूकंपानंतर उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाईच्या दारात दुसरी बाई जाते, बसते, भिंतीवर हात ठेवून तडा दाखवते. ही पुन्हा मातीला येणारी बाईच आहे, फक्त तिच्या हातात नकाशा आहे. १९९३ साली नृत्योपचार भारतातच जेमतेम पाऊल टाकत होता. त्याची किल्लारीकडून अपेक्षा करणे अन्याय्य ठरेल. पण आज तो शिकू पाहणाऱ्याने किल्लारी वाचायची असेल तर या संवाद सहायकांपासून सुरुवात करावी.

किल्लारीनंतर हीच विभागणी आणखी दोन प्रकारांनी मोडली. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि रुग्णालयातून आलेला देह प्लास्टिकमध्ये बंद होता. मातीला येणाऱ्यालाच बंदी झाली. शेतकऱ्याच्या आत्महत्येत मोडतोड आणखी वेगळी आहे. तेथे माणसे येतात, पण ती चौकशीला येतात. मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते आणि पात्र ठरला तर एक लाख रुपयांची मदत मिळते. तलाठी, पोलीस, सावकार, पत्रकार, नातेवाईक या साऱ्यांपुढे बाईला आपला शोक पुराव्यासारखा मांडावा लागतो. कमी रडली तर संशय, फार रडली तर नाटक. शोकार्ताचे प्रेक्षक झाले की काय होते याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्या मुलीकडे परत येऊ, जिला नृत्योपचारक व्हायचे आहे. तिला मुंबई किंवा अन्य महानगरात जावे लागेल. तेथे ती शरीररचना शिकेल, मानसशास्त्र शिकेल, लाबानच्या पद्धतीने हालचालीचे वजन, वेग आणि अवकाश टिपायला शिकेल, जाणत्याच्या देखरेखीखाली काही शेकडा तास काम करेल. आधी स्वतःच्या अंगावर काम करावे लागेल, हे बहुधा सर्वांत अवघड. ती हेही शिकेल की या विद्येचे दावे जपून करायचे असतात. नैराश्यावरील नृत्योपचारासंबंधीच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात तीनच अभ्यास आणि १४७ माणसे हाती लागली होती आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असेच तेथे म्हटले होते. तिला शोकाचे वैद्यकीय मोजमापही भेटेल. अमेरिकन मानसोपचाराच्या २०२२ च्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाला विकार म्हणण्यापूर्वी प्रौढांच्या बाबतीत बारा महिने थांबावे असे आहे. आपले वर्षश्राद्धही बारा महिन्यांनीच येते. दोन्हीकडे हा हिशेब कशावरून आला असेल याचा विचार करायला हरकत नाही, मात्र त्यावरून लगेच प्राचीन शहाणपणाची द्वाही फिरवू नये.

लातूरला किंवा नांदेडला परतल्यावर मात्र तिला पुस्तकात न आलेले प्रश्न पडतील. पहिला, तालाचा. महानगरातल्या कार्यशाळेत ड्रम किंवा डफ आणून मध्यभागी ठेवतात. येथे हाताशी हलगी आहे. पण मयतापुढे हलगी वाजवणे हे शतकानुशतके ठरावीक जातींवर लादलेले गावकीचे काम होते. आंबेडकरी चळवळीने अशी कामे सोडायला सांगितले आणि माणसांनी ती मार खाऊन, बहिष्कार सोसून सोडली. त्यांच्या नातवंडांपुढे शोकाच्या बैठकीत हलगी ठेवणारी उपचारक किती निरागस असली तरी चालणार नाही. दुसरा, नाच या शब्दाचा. तमाशा आणि लावणीतल्या बायकांच्या वाट्याला जे आले त्यामुळे घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला ‘नाच’ म्हणणे म्हणजे शिवी वाटते. पर्याय भाषेतच आहे. पंचमीच्या फेराला बायका नाच म्हणत नाहीत, फेर धरला म्हणतात. फुगडी खेळतात, झिम्मा खेळतात, अंगात आलेली बाईसुद्धा ‘खेळते’. ‘खेळ’ या क्रियापदाने मराठी बाईला जेवढी हालचाल करू दिली तेवढी ‘नाच’ या शब्दाने कधी दिली नाही. तरीही सुतकात खेळ चालत नाही, आणि विधवेला फेरात जागा नसे. तेव्हा वर्तुळ करा म्हणताच कोणाच्या मनात कोणते वर्तुळ उभे राहील आणि त्यातून आपण कधी बाहेर काढलो गेलो हे आठवेल, याचा अंदाज तिला असावा लागेल.

बहुधा ती सुरुवातीला काहीच करणार नाही. सतरंजीवर बसेल. शेंगा फोडायला घेतल्या असतील तर शेंगा फोडेल. समोरच्या बाईचा हात ज्या गतीने चालतो आहे त्या गतीने स्वतःचा चालवेल आणि तो थांबला की थांबवेल. पुरुषांच्या बाबतीत तिला आणखी वाट पाहावी लागेल, कारण त्यांना काम दिल्याशिवाय अंग हलवण्याची परवानगी नाही. किल्लारी परिसरात ज्यांनी ढिगारे उपसले ते तेव्हाचे तरुण आता साठीत आहेत. आपल्या हातांनी काय उचलले ते त्यांतल्या अनेकांनी सांगितलेले नाही.

एक शेवटची, अगदी व्यवहारातली गोष्ट. किल्लारीत दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहतात. घराघरांतले श्राद्ध मात्र तारखेने होत नाही, तिथीने होते, आणि भाद्रपद पौर्णिमा कधी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते, कधी शेवटच्या. त्या भागात काम करू पाहणाऱ्या उपचारकाने वर्षाचे वेळापत्रक आखताना घरटी विचारून घ्यावे, की तुमच्याकडे कोणता दिवस धरतात.